बिडलकोटचा धोंडा

श्यामकांत टिपणीस यांनी जन्मात चोरी अशी एकच केली, आणि ती थेट विलायतेत जाऊन केली. करायचीच होती तर मुलुंडमध्ये वाव नव्हता अशातला भाग नाही. पण छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यामुळे मुलुंडमधला एकूण एक दुकानदार त्यांना ओळखून होता. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या तळातून कोरून काढलेलं शिसं, हे सगळं त्यांना म्हणे दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. कसं, असं कुणी विचारलं की ते सांगत, "वजनाकडे बघायचंच नाही. माणसाकडे बघायचं. निरपराध माणूस इकडेतिकडे बघत नाही." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभातही दोनदा म्हटलं होतं.

बिडलकोटच्या देवळाच्या ओसरीत तो दगड उचलताना मात्र टिपणिसांनी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं, आणि मग तो कोटाच्या खिशात टाकला.

देऊळ म्हणजे चर्च. पण शुभाताईंना फोनवर सांगताना ते देऊळच म्हणत, म्हणून इथेही तेच राहू द्या. बिडलकोट हे लंडनपासून गाडीने तीन तासांवरचं खेडं. टिपणिसांची मुलगी मधुवंती नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे राहते, आणि गेल्या उन्हाळ्यात टिपणीस तिच्याकडे तीन महिने राहून आले. शुभाताईंचा गुडघा तेव्हा इतका धरला होता की त्या विमानाच्या शिडीपर्यंतही पोचल्या नसत्या, म्हणून त्या गेल्या नाहीत. गावाचं नाव ऐकून बिल्डिंगीतल्या बऱ्याच जणांची समजूत झाली होती की टिपणीस अक्कलकोटच्या बाजूला कुठेतरी गेलेत. तीन महिने राहिले म्हणजे अनुष्ठानच असणार, असंही लोक म्हणाले.

तिथे त्यांना टॉम भेटला. टॉम एक्याऐंशी वर्षांचा. देवळाच्या ओसरीचं दार सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं हे काम तो साठ वर्षं करत होता. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. टॉम रोज टिपणिसांना बरोबर घेऊन गावातून चक्कर मारायचा आणि एकेक जागा दाखवायचा. इथे लोकरीचा बाजार भरायचा. या बेकरीत साडेतीनशे वर्षं पाव भाजतात. या तळ्यात साथीच्या वर्षी कुणी पाणी भरायचं नाही असा हुकूम होता, आणि तो हुकूम अजून कुणी मागे घेतलेला नाही. टिपणिसांना हे फार आवडलं. आपल्याकडे महिन्यापूर्वीचं परिपत्रक कुणी पाळत नाही, आणि इथे बदकंसुद्धा हुकूम मोडायचा म्हणून जरा बिचकून पोहतात, असं त्यांनी घरी कळवलं.

शुभाताईंचा एक शिरस्ता होता. कुठल्याही क्षेत्राच्या ठिकाणी घरातलं कुणी गेलं की तिथला एक गोटा आणायचा. त्यांच्या देवघराच्या खालच्या फळीवर नर्मदेचा होता, गंगोत्रीचा होता, गोकर्णाचा होता. बिडलकोटहून काय आणू, चॉकलेटं की पर्स, असं टिपणिसांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आठशे वर्षांचं देऊळ म्हणताय ना? मग तिथला गोटा आणा. देव कुठलाही असला तरी दारातला दगड तो दारातला दगड."

देवळाच्या ओसरीत तीन दगड होते. मोठा, मधला आणि धाकटा. धाकटा इतका गुळगुळीत की नर्मदेतून नुकताच काढलाय असं वाटावं. वरच्या बाजूला एक खूण कोरलेली, तीन टोकांची. टिपणिसांना ती त्रिशूळासारखी दिसली. दाराला अटकाव म्हणून ठेवले असतील, तीनातला एक गेला तर दोन उरतातच, असा त्यांनी हिशेब केला. टॉमला विचारायला हवं होतं. टॉम दहा पावलांवर, पाठमोरा उभा राहून फुलांना पाणी घालत होता. टिपणिसांनी विचारलं नाही.

शुभाताईंनी दगडाचं स्वागत केलं. पहिल्या दिवशी त्यांनी तो काथ्याने खसाखसा घासला, स्वच्छ केला, आणि त्रिशूळ बघून गोट्यांच्या फळीवर न ठेवता थेट वर, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्यामध्ये बसवला. रोज दूध, रोज पाणी, रोज गंध. तळाला बोटभर खळगा होता त्यातही त्या थोडं गंध घालत, कारण देवाचं अंग कोरडं राहू नये. आणि गणपतीच्या सुमारास त्यांचा गुडघा बरा झाला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्या त्याच सुमारास नियमित घेऊ लागल्या होत्या, पण हा मुद्दा टिपणिसांनी एकदाच काढला आणि पुन्हा काढला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो व्याख्यानामुळे.

देवदत्त आगाशे हे सोसायटीचे सेक्रेटरी आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह. संघात दर महिन्याला व्याख्यान असतं. मधुमेहावर तीन, मृत्युपत्रावर दोन आणि पुन्हा मधुमेहावर एक अशी व्याख्यानं झाल्यावर सभासद कुरकुरू लागले होते. आगाशे नोव्हेंबरात टिपणिसांकडे आले आणि म्हणाले, "टिपणीस, तुम्ही तिकडे तीन महिने होतात. 'एका जुन्या इंग्लिश खेड्याचा इतिहास आणि वारसा'. जानेवारीचा दुसरा रविवार. नाही म्हणू नका, फलकावर लिहून आलोय."

टिपणीस नाही म्हणणार नव्हतेच. त्यांनी त्याच दिवशी गावाच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षा मार्गारेटबाईंना पत्र लिहिलं, की काही माहिती असल्यास पाठवावी. बाईंनी लगोलग मंडळाची नवीकोरी पुस्तिका ईमेलने धाडली. आगाशे यांनाही एक प्रत हवी म्हणून टिपणिसांनी बाईंचं ते पत्र त्यांना जसंच्या तसं पुढे पाठवलं. मग चहा घेऊन ते पुस्तिका वाचायला बसले.

चौदाव्या पानावर तीन दगडांचा फोटो होता. ते दाराचे अटकाव नव्हते. ती वजनं होती. पाचशे वर्षांपूर्वी लोकरीच्या बाजारात याच तीन दगडांनी लोकर तोलली जायची. वरची खूण म्हणजे त्रिशूळ नसून मुकुट होता, राजाच्या निरीक्षकाने वजन तपासून खरं ठरवल्याचा शिक्का. फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की यांतलं सर्वात लहान, दोन पौंडांचं वजन, गेल्या ऑगस्टपासून बेपत्ता आहे.

टिपणिसांनी चहा खाली ठेवला. छत्तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने लाखभर वजनांवर शिक्के मारले असतील. आणि आपल्याच खात्यातल्या, पाचशे वर्षं सीनियर असलेल्या एका माणसाचा शिक्का त्यांना ओळखता आला नव्हता. चोरी केली ती केली, पण कशाची केली हेही कळू नये याची त्यांना जास्त लाज वाटली. निदान त्या क्षणी तरी.

खरी लाज रविवारी आली. मधुवंतीचा फोन होता. नातीची परीक्षा, तिकडची थंडी, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या टॉमचं ऐकलंत का? त्यांनी किल्ली परत दिली. तो छोटा दगड गेला ना ओसरीतला, तर कुणी त्यांना काही बोललं नाही हां, पण त्यांनीच मनाला लावून घेतलं. म्हणाले, माझ्या वडिलांच्या वेळी तीन होते, माझ्या वेळी दोन झाले. आता घरीच बसून असतात. तुमची आठवण काढतात."

"बरं," टिपणीस म्हणाले.

"बाबा, आवाज येतोय ना?"

"येतोय."

फोन ठेवल्यावर ते देवघरापुढे जाऊन उभे राहिले. दगड गंध लावून, तुळशीचं पान डोक्यावर घेऊन बसला होता आणि इतका सुखात दिसत होता की टिपणिसांना त्याचाही राग आला. त्यांनी तो उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सवय सुटत नाही. दोन पौंड म्हणजे नऊशे सात ग्रॅम. काटा म्हणाला, आठशे त्र्याण्णव. चौदा ग्रॅम कमी. टिपणिसांनी तो तीनदा ठेवून पाहिला. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या छातीला जरा आधार मिळाला. म्हणजे बिडलकोटवाले पाचशे वर्षं कमी तोलत होते.

शुभाताईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी पदर खोचला, दगड काट्यावरून उचलून परत जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटलं विचारून आणलात."

एवढंच म्हणाल्या. टिपणिसांना वाटलं, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "पाठवून द्या. त्या म्हाताऱ्याचा जीव टांगलाय तिकडे. पण मुकाट्याने पाठवू नका. सांगून पाठवा."

सांगून पाठवायचं हेच तर टिपणिसांना नको होतं. त्यांची योजना साधी होती. निनावी पार्सल. आत दगड, वर पत्ता, बस. मधुवंतीला त्या गावात राहायचंय, नात तिथल्या शाळेत जाते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. आत काय आहे, या रकान्यात टिपणिसांनी 'दगड' लिहिलं. बाई म्हणाल्या, नुसता दगड नाही चालत, कसला दगड ते लिहा. आता या प्रकरणात आणखी खोटं लिहायचं नाही असा टिपणिसांनी निश्चय केला होता. त्यांनी 'दगड' च्या आधी 'जुना' हा शब्द घातला.

त्या एका शब्दाने वाट लागली. जुना किती, बाईंनी विचारलं. पाचशे वर्षं, टिपणीस म्हणाले. बाईंनी पार्सल अलगद त्यांच्याकडे परत सरकवलं. जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची तर पुरातत्त्वाचा दाखला लागतो, की ही वस्तू पुरातन नाही. आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर मुळात काहीच जात नाही. कुरियरच्या दुकानातही तेच झालं. वर तिथे पार्सल तपासणीच्या मशीनमधून काढल्यावर पडद्यावर एक गोल, काळा, भरीव गोळा दिसला, आणि दुकानातली चारही माणसं दोन पावलं मागे सरकली.

दहा दिवस टिपणीस पिशवीत दगड घेऊन हिंडत होते. पूजेच्या वेळेपर्यंत परत आणायची शुभाताईंची अट होती. जिन्यात एकदा पिशवीचा बंद तुटला आणि दगड गडगडत पहिल्या मजल्यावरच्या दशरथ परबांच्या दाराला धडकला. परबांची अख्खी हयात मुंबईत गेली, वडील गिरणीत होते आणि ते स्वतः टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण घाबरले की ते मालवणीत घाबरत. दगड कुठला, याचं उत्तर टिपणिसांनी 'परगावचा' असं दिलं. परबांनी तो ओलांडायचंही टाळलं.

"दुसऱ्या गावचो धोंडो? देवळातलो? सीमेभायर?" ते म्हणाले. "टिपणीसानू, शिकलेले ना तुमी? तिकडचो राखणदार गप रवात काय? तो आपलो माल सोदीत येतलो. ह्यो जिनो चढान येतलो."

राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवर पहारा देणारा देव. टिपणिसांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण परब राखणदार म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याची झारी घेऊन पाठमोरा उभा असलेला टॉम आला, आणि त्यांना जिना चढवेना.

पुरातत्त्वाच्या कचेरीत रेवती देवल नावाच्या तरुण अधिकारी होत्या. त्यांनी भिंग लावून दगड नीट पाहिला, मुकुट पाहिला, गंध पाहिलं, आणि टिपणिसांना खुर्ची दिली. "काका, माझी अडचण समजून घ्या. ही वस्तू पुरातन नाही असं मी लिहून द्यावं असं तुम्ही म्हणताय. आणि ती पुरातन आहे म्हणूनच तुम्हाला परत पाठवायचीय."

"हो," टिपणीस म्हणाले.

"ती आपल्याकडची नाही एवढं मी लिहू शकते. पण मग ती तिकडची आहे असं तिकडच्यांचं पत्र लागेल. त्यांच्या मंडळाचं. वस्तू आमची आहे आणि अमुक गृहस्थांकडे अमुक कारणाने आहे, असं." त्यांनी पेन उघडलं. "तुमच्याकडे ती कशी आली?"

टिपणिसांनी उजवीकडे बघितलं आणि मग डावीकडे बघितलं. रेवतीताईंनी पेन बंद केलं. "पत्र घेऊन या," त्या मऊपणे म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळल्यावरही त्या मऊच बोलल्या, याने टिपणीस आणखी खचले. ते स्वतः कधी कुठल्या दुकानदाराशी असे बोलले नव्हते.

म्हणजे आता कबुलीशिवाय गत्यंतर नव्हतं. टिपणिसांनी मार्गारेटबाईंना पत्राचे सात खर्डे केले. सहाव्या खर्ड्यात 'अनवधानाने' हा शब्द आला, तो त्यांनी सातव्यात खोडला. आठवा व्याख्यान झाल्यावर लिहू, असं ठरवून ते व्याख्यानाच्या तयारीला लागले. माणूस अडचणीत सापडला की अडचणीच्या शेजारचं काम फार मन लावून करतो.

मधल्या काळात आगाशे मात्र स्वस्थ बसले नव्हते. टिपणीस रोज पिशवीत एक दगड घेऊन पोस्टात, कुरियरात, सरकारी कचेरीत जातात, तो इंग्लंडला पाठवायची त्यांची धडपड चालली आहे, हे बिल्डिंगीत सगळ्यांना दिसत होतं. देवघरातला दगड, शुभाताईंनी रोज पुजलेला, आणि तो साहेबाच्या गावाला पाठवायचा. आगाशे बँकेत मॅनेजर होते. पुस्तिका उघडूनही न बघता, दोन आणि दोन मांडून त्यांनी साडेपाच काढले.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी हॉल भरला होता. शुभाताई दुसऱ्या रांगेत होत्या. टिपणीस इस्त्रीचा झब्बा घालून गेले तर व्यासपीठावर मोठा पडदा. पडद्यावर बिडलकोटच्या देवळाची ओसरी, आणि ओसरीत खुर्च्या टाकून, गळ्यापर्यंत लोकरीत गुंडाळून बसलेल्या मार्गारेटबाई. त्यांच्या शेजारी टॉम. टॉम वाळला होता. त्याने टिपणिसांना बघितलं आणि हात केला.

"सरप्राइज," आगाशे कानात म्हणाले. "बाईंचा पत्ता तुमच्याच पत्रात होता. आणि आजोबांनाही मुद्दाम बोलावलं. आधी सत्कार उरकून घेऊ."

टिपणिसांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. आगाशे यांनी माईक घेतला आणि आधी मराठीत, मग इंग्रजीत जाहीर केलं, की वारसा म्हणजे नुसतं घेणं नव्हे, देणंही असतं. आपले टिपणीससाहेब त्या गावाला मुलुंडकरांच्या वतीने एक पूजेची शिळा भेट देत आहेत. वहिनींच्या देवघरातली, रोजच्या पूजेतली. आणि त्यांनी टेबलावरचा रेशमी रुमाल काढला. रुमालाखाली झेंडूच्या हारात दगड होता. दगड इथे कसा, हे टिपणिसांना कळेना, तोच आगाशे म्हणाले, वहिनींकडून सकाळीच मागून आणला. शुभाताई दुसऱ्या रांगेतून सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पडद्यावर टॉम खुर्चीतून उठला. तो कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की पडदाभर त्याचं कपाळच दिसू लागलं. मग तो मागे झाला. त्याने टिपणिसांकडे बघितलं.

टिपणिसांना पळून जायचं होतं. शाल, नारळ आणि साठ ज्येष्ठ नागरिक यांच्यातून वाट नव्हती. त्यांनी माईक घेतला आणि इंग्रजीत सांगून टाकलं. हा दगड भेट नाही. हा तुमचा आहे. ऑगस्टमध्ये मी तो ओसरीतून उचलला. टॉम फुलांना पाणी घालत होता, दहा पावलांवर. मी त्याला विचारलं नाही.

हॉल शांत होता, कारण निम्म्या लोकांना ते इंग्रजी समजलं नव्हतं. आगाशे यांनी घाईघाईने भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, या सत्काराने त्यांना भरून आलंय."

"आगाशे," मागून परबांचा आवाज आला, "चोरलंय म्हणाले ते. माका समाजता."

मग टिपणिसांना तेच सगळं पुन्हा मराठीत सांगावं लागलं. एकदा कबूल करणं कठीणच, पण दुसऱ्यांदा, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, शाल पांघरून सांगताना त्यांचे कान इतके तापले की पुढे काय काय बोलले ते त्यांना नीट आठवत नाही. देवाच्या दारातला गोटा आणायची आपल्याकडे रीत आहे, हेही ते बोलले आणि रीतीचा आडोसा घेतला म्हणून पुन्हा लाजले. आणि सगळ्यात शेवटी, कुणी काही विचारलेलं नसताना, सवयीने, ते म्हणाले, "आणि हे वजन खरं नाही. चौदा ग्रॅम कमी भरतं."

हे कुठून आलं त्यांनाही कळलं नाही. पण ते बोलताना त्यांची मान जरा वर झाली होती, हे खोटं नाही.

टॉम खुर्चीत परत बसला. मग म्हणाला, "मी तळं दोनदा ढवळलं. मला वाटलं पोरांनी फेकला असेल." पुढे वाकून त्याने विचारलं, "तो घरात होता ना? पावसात नव्हता?"

टिपणीस म्हणाले, घरात होता. रोज दुधाने आंघोळ घालत होतो.

टॉमने मार्गारेटबाईंकडे बघितलं, आणि एक्याऐंशी वर्षांचा तो माणूस रुमालात तोंड लपवून हसला की रडला हे पडद्यावरून कळलं नाही. टिपणिसांना मात्र नारळ खाली ठेवायचंही सुचेना. व्याख्यान झालंच नाही. मधुवंतीचा फोन त्याच संध्याकाळी आला. ती इतकंच म्हणाली, "बाबा, मला आधी सांगायचंत ना." 

पुढचं भराभर झालं. मार्गारेटबाईंचं पत्र आलं, रेवतीताईंनी दाखला दिला, पोस्टातल्या फॉर्मवर पाठवण्याचं कारण म्हणून टिपणिसांनी 'मालकाला परत' असं लिहिलं. दगड निघायच्या दिवशी शुभाताईंनी त्याला दहीभाताचा नैवेद्य दाखवला. परब आंघोळ करून, टोपी घालून आले आणि जिन्यात उभं राहून त्यांनी साग्रसंगीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा बिडलकोटच्या राखणदारा, तुझ्या लेकरान चुकान जा काय केल्यान असात, ता पोटात घाल रे म्हाराजा. तुझो धोंडो तुझ्या सीमेत सुखरूप पोचव रे म्हाराजा." बिल्डिंगीतल्या सगळ्यांनी, आगाशे धरून, "व्हय म्हाराजा" म्हटलं. लेकरू म्हणजे आपणच हे कळून टिपणिसांनी मान खाली घातली आणि त्यांनीही म्हटलं.

दगड पोचला. टॉमने किल्ली परत घेतली. मधुवंतीने कळवलं, की दगडावरचं गंध धुवायचं का यावर मंडळाची बैठक झाली आणि टॉम म्हणाला, राहू द्या. टिपणिसांना मार्चभर बरं वाटत होतं. एप्रिलमध्ये पुस्तिकेची नवी आवृत्ती टपालाने आली, दोन छापील प्रती.

चौदाव्या पानावर पुन्हा तीन दगडांचा फोटो होता. धाकट्याच्या अंगावर पिवळा ठिपका. खाली त्यांचं पूर्ण नाव. श्यामकांत टिपणीस, निवृत्त निरीक्षक, वजनमापे, मुलुंड. शुभाताईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "बघा, आठशे वर्षांच्या गावाच्या इतिहासात नाव लागलं तुमचं." दुसरी प्रत घेऊन त्या परबांकडे दाखवायला निघाल्या.

टिपणीस पुढे वाचत होते. मजकूर असा होता: १९११ सालच्या तपासणीत हे वजन बरोबर दोन पौंड भरल्याची नोंद गावाच्या दप्तरात आहे. त्या वेळी तळाच्या खळग्यात शिसं भरून त्यावर मुद्रा उमटवली होती. सध्या हे शिसं दिसत नाही व वजन चौदा ग्रॅम कमी आहे. ही घट श्री. टिपणीस यांनीच प्रथम लक्षात आणून दिली.

"शुभा," टिपणीस म्हणाले.

त्या दारातून वळल्या.

"दगड आणला त्या दिवशी तो साफ केलास, तेव्हा तळाच्या खळग्यात काही होतं का?"

"होतं की. काळं, घट्ट, डांबरासारखं काहीतरी. किती वर्षांची घाण होती कुणास ठाऊक. काथ्याने निघेना, मग सुरीने खरवडून काढली." त्या जरा आठवून म्हणाल्या, "त्यावर कसलीशी नक्षी होती. का हो?"

"कुठे टाकलंस?"

"कचऱ्यात. सुक्या." आणि त्या जिना उतरून गेल्या. गुडघा आता अगदी छान चालत होता.

वजनाच्या तळातलं शिसं कोरून काढणं हा टिपणिसांच्या खात्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात हलकट गुन्हा. त्यासाठी त्यांनी किती दुकानांना कुलपं लावली त्याची गणती नव्हती. तो गुन्हा त्यांच्या स्वयंपाकघरात घडला होता, आणि तो उघडा पाडण्याचं श्रेय छापील स्वरूपात त्यांच्याच नावावर जमा होतं. बिडलकोटमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. कधी कळण्याचं कारणही नव्हतं.

टिपणिसांनी पुस्तिका मिटली आणि रद्दीच्या गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली. मग त्यांनी उजवीकडे बघितलं, आणि डावीकडे बघायला मान वळवली तशी ती तिथेच थांबली.

थोड्या वेळाने त्यांनी गठ्ठा सोडला, पुस्तिका बाहेर काढली, टेबलाशी बसले आणि कागद ओढला. प्रिय टॉम, त्यांनी लिहिलं, त्या चौदा ग्रॅमबद्दल तुला एक सांगायचं राहिलं आहे.